अळ्यांसाठी राखीव

आमच्या गल्लीत मला ‘अळ्यावाले काका’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. तोंडावर “काय काका, बरंय ना?” आणि मी जरा पुढं गेलो की मागं खसखस पिकते. पिकू द्या. हे नाव मी माझ्या हातानं कमावलंय. ते ऐकलं की माझी मान खाली जाते, पण ती काही त्यांच्या हसण्यामुळं जात नाही.

मी तहसील कचेरीत कारकून होतो. निम्मी नोकरी वैजापूरला गेली, सकाळची एसटी धरायची आणि दिवेलागणीला परत. कचेरीत आयुष्य काढलं की माणसाला दोन सवयी लागतात. समोरचा काय म्हणतोय ते पुरतं ऐकायच्या आधीच उत्तर द्यायचं, आणि जे पटत नाही त्यावर नोटीस काढायची. मी रिटायर झालो, सवयी काही झाल्या नाहीत. जित्याची खोड म्हणतात ती ही.

घर, दार, शेजारपाजार हे सगळं बायकोकडं. दारापुढची झाडंही तिचीच. फाटकाशी जास्वंद आणि तगर, पुढच्या खोलीच्या खिडकीला लागून कढीपत्ता. आमच्याकडं कढीपत्ता कुणी विकत आणत नाही. ज्याच्या दारात झाड त्याच्याकडून न्यायचा, चुलीवर तेल तापत असलं तरी पळत येऊन न्यायचा. देवाच्या फुलांचंही तसंच. उजाडलं की मागच्या गल्लीतली एक सून परडी घेऊन यायची. आकडीची काठी घेऊन फिरणारे एक आजोबा यायचे, त्यांच्या गणपतीला रोज लाल जास्वंद लागायची. समोरच्या घरातली आपा कढीपत्त्याला यायची. नियम एवढाच, की झाड ओरबाडायचं नाही, दोन फुलं झाडाला ठेवायची आणि दिवे लागल्यावर पानाला हात लावायचा नाही. मी आतून पेपरच्या आडून कुरकुरायचो, “धर्मशाळा झालीय नुसती!” ती म्हणायची, “तुमचं काय जातंय? पाणी मी घालते.”

मग एका सकाळी चहा गाळता गाळता तिच्या हातातून गाळणी पडली आणि पाठोपाठ तीही. अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. वाचा राहिली, फक्त बोलणं संथ झालं. दवाखान्यातून घरी सोडताना औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “गोळ्या आम्ही देऊ, व्यायाम तुम्ही करून घ्या. पण यांचं मन कशात तरी रमलं पाहिजे. पेशंट भिंतीकडं तोंड करून पडला आणि त्याचं जेवण सुटलं, की मग आमच्या हातात फार काही राहत नाही.”

खरं सांगतो, मी लई घाबरलो. उभ्या जन्मात तिच्या हातचं आयतं ताट घेतलेला माणूस मी. मीठ कुठल्या डब्यात आहे ते मला ठाऊक नव्हतं. ही भिंतीकडं वळली तर आपलं काय, हा पहिला विचार माझ्या मनात आला, आणि तोही स्वतःचाच, तिचा नाही.

मुलगी पुण्याला असते. तिनं आईला करमावं म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातली कुठलीशी बाग. उन्हात फुलांचे ताटवे, त्यांवर फुलपाखरं, आणि अंगठ्याएवढे पक्षी हवेत जागच्या जागी थांबून फुलातला मध पितायत. बायको ते बघून हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसली, अर्ध्याच तोंडानं, पण हसली. झालं! साहेबांचा हुकूम सुटला: ही बाग हिच्या खिडकीत आणायची.

तिचा पलंग मी पुढच्या खोलीत आणून खिडकीला चिकटवून लावला. पडल्या पडल्या डोळ्यासमोर बाग, अशी माझी योजना. जेवायला तिला उशा लावून बसवायचो, पण मान उजवीकडं फिरायची नाही आणि घटकाभरात चक्कर यायची, म्हणून एरवी ती पडूनच असायची. मी बाहेरून हाक मारायचो, “अगं, आज सदाफुली लावली बघ!” ती आतून म्हणायची, “लावा.”

ऊन आमच्याकडं मागावं लागत नाही. घर दक्षिणेकडं तोंड केलेलं, दिवसभर अंगणात ऊन पाय पसरून बसतं. बायकोनं जपलेली फरशीची वाट मी उखडली आणि ओट्यापासून फाटकापर्यंत वाफे केले, मधून एका माणसाला अंग चोरून जाता येईल एवढी फट ठेवली. झेंडू, सदाफुली, घाणेरी, लाल फुलांची पेंटास, सगळं गुडघ्याएवढं, फुलपाखरांना बसायला सोयीचं. आमच्या शहरातल्या पाण्याचं तुम्हाला माहीतच आहे. आठवड्यानं नळ यायचा, कधी तोही नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, तिला अंघोळ घातलेलं, सगळं पाणी मी वाफ्यांत फिरवायचो. आणि मुलीनं फोनवर एक गोष्ट शिकवली, की फुलपाखरू मधासाठी फुलावर येतं पण अंडी घालतं पानावर, आणि त्याच्या अळीला ठरावीक झाडाचंच पान लागतं. काहींना लिंबाचं, कढीपत्त्याचं. काहींना रुईचं.

मी कोपऱ्यात रुई लावली. बायको म्हणाली, “रुई मारुतीला वाहायची. दारात कोण लावतं?”

“तुला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणालो.

दसऱ्यापर्यंत बाग अशी फुलली की रस्त्यानं जाणारा थबकायचा. पांढऱ्या ठिपक्यांची काळी फुलपाखरं कढीपत्त्याभोवती घिरट्या घालायची. जास्वंदीवर निळाजांभळा चिमुकला पक्षी आला, बाकदार चोचीचा. मी गल्लीभर सांगत सुटलो, “आमच्याकडं हमिंगबर्ड आलाय!” मुलीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, “बाबा, हमिंगबर्ड आपल्या देशात नसतो. हा शिंजीर आहे.” बायको पलंगावरून म्हणाली, “फुलचुखी म्हणतात तिला. आमच्या बांधावर यायची.” मी म्हणालो, “तेच ते.”

आणि बायको सुधारायला लागली. हे मी छातीठोक सांगतो, कारण तेच तर मला फसवून गेलं. ती जेवायला लागली. डाव्या हातानं वाटी धरायला लागली. सकाळी मी दात घासत असायचो तेव्हाच तिचा आवाज यायचा, कुणाशी तरी बोलण्याचा, हसण्याचा. फुलं वाढली तशी फुलं नेणारीही वाढली होती, आणि कढीपत्ता खिडकीला लागूनच, त्यामुळं जो येई तो गजांना धरून वाकून विचारी, “काय काकू, आज कसं हाय?” मी तिकडं लक्षच दिलं नाही. मी रोज बाहेरून विचारायचो, “पिवळं आलंय बघ, दिसलं का?” आणि ती म्हणायची, “दिसलं.” डॉक्टरांना मी सांगितलं, फुलपाखरांचा गुण आलाय. ते म्हणाले, “चालू ठेवा.”

संक्रांतीच्या सुमाराला मी कढीपत्त्यावर अळ्या शोधून काढल्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, पानात पान. मी चष्मा लावून रोज बघायचो. कुठली कुठल्या फांदीवर आहे ते मला पाठ झालं होतं. आणि एका सकाळी बघतो तर सगळ्यात लठ्ठ अळीची फांदीच नाही! गेली कुणाच्या तरी वरणात. फाटकाकडं बघितलं तर जास्वंदीला दोनच फुलं. वाफ्यातला झेंडू खुडलेला. माझं डोकंच फिरलं. इथं मी बायकोचा जीव वाचवायला पाणी थेंब थेंब जपतोय आणि ही माणसं बाग लुटून नेतायत!

“अहो असू द्या,” बायको म्हणाली. “येतात तर येऊ द्या. फुलं काय संगं न्यायचीत?”

“तू गप पड. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं.”

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. मागच्या गल्लीतली सून परडी घेऊन आली. तिला म्हणालो, “बाजारात फुलं मिळतात, माहितीय ना?” पोरीचं तोंड एवढंसं झालं. आजोबांची आकडी जास्वंदीला लागली तशी मी ओरडलो, “चोरीची फुलं देवाला चालतात का हो?” वयानं बापासारखा माणूस. काठी खाली घेतली आणि गेले. आपा आली तेव्हा मी फाटकात आडवाच उभा राहिलो. “कढीपत्ता आता बंद,” म्हणालो. तिनं माझ्या खांद्यावरून खिडकीकडं बघितलं आणि परत फिरली.

शहागंजातून तार आणली, काटेरी. फाटकाला कुलूप घातलं. आणि जुनी खोड उसळली, पाटी रंगवली: “फुले तोडण्यास सक्त मनाई आहे. कढीपत्ता अळ्यांसाठी राखीव आहे. हुकुमावरून.” कुणाच्या हुकुमावरून, ते विचारू नका. कचेरीत हे शेवटी लिहिलं की बरं दिसायचं.

मी आत आलो तेव्हा फुशारकीनं सांगितलं, “आता बघू कोण येतंय.”

ती म्हणाली, “कुणीच नाही येणार?”

“चिटपाखरूसुद्धा नाही!” चुकून निघालेला शब्द दुरुस्त करत मी हसलो, “म्हणजे पाखरं येतील, माणसं नाही.” तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली.

अळ्या वाढल्या. कोष झाले. एकदा तर माझ्या डोळ्यादेखत कोषातून फुलपाखरू बाहेर आलं, ओलं, चुरगळलेलं, आणि पंख वाळवत बसलं. मी लहान पोरासारखा आत पळालो. “अगं, बघ, बघ!” ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. “दिसलं,” म्हणाली, न वळताच.

जेवण सुटायला लागलं होतं. आधी भाकरी गेली, मग भात. पेज दोन चमचे घ्यायची आणि ओठ मिटून घ्यायची. बोलणं ‘हो-नाही’वर आलं. डॉक्टर म्हणाले, “आता तर चांगल्या होत होत्या! घरात काही झालं का?” मी म्हणालो, काहीच नाही. मला खरंच तसं वाटत होतं हो. मी घरी आलो आणि अजून दोन वाफे खोदले. म्हटलं, फुलपाखरं कमी पडतायत. तिला पेज भरवताना मनात म्हणायचो, ऊन वाढायच्या आत घाणेरी वाढली पाहिजे.

मग ईद आली. सकाळी फाटकाची कडी वाजली. आपा उभी होती, हातात झाकलेला डबा. दरवर्षी ती शीरखुर्मा घेऊन आत यायची, बायकोशेजारी बसून घटकाभर बोलायची. मी कुलूप काढायला किल्ली शोधायला लागलो.

“रहने दो भाईसाब,” तिनं तारेवरून डबा पुढं केला. “अंदर नक्को. तुम्हारे कीडे लोगां नाराज होंगे.”

मी काही बोलणार तेवढ्यात आतून आवाज आला. “आपाऽ!” घोगरा, पण एवढा मोठा, की मीच दचकलो. कितीतरी दिवसांत तिनं हाक म्हणून मारली नव्हती. “आपा, आत ये गं! खिडकीशी ये!”

आपानं माझ्याकडं बघितलं. मी किल्ली शोधत राहिलो, खिशात, कोनाड्यात, चपलांच्या फडताळावर. किल्ली सापडेना. आतून हाका चालूच. शेवटी बिचारी आपा तारेला धरून रस्त्यावरूनच ओरडली, “हौ भाभी! मैं हूँ! ईद मुबारक!” आणि माझी बायको आतून रडली. आवाज करून रडली, पोर रडतं तशी.

मला तिथंच कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसा माझा सगळा उन्हातून घालून झाला होता. तिचं मन फुलपाखरांत रमलंच नव्हतं. सकाळी गजांना धरून वाकणारी ती माणसं, तेच तिचं औषध होतं, आणि मी ते कुलूप लावून बंद केलं होतं. त्या क्षणी फाटकात उभं राहायची लाज वाटली मला. आपासमोर, डब्यासमोर, स्वतःच्या पाटीसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तार हातानंच ओढून काढली. हात फाटले. आपा म्हणाली, “आहिस्ता, भाईसाब,” आणि पदरानं डोळे पुसत तारेच्या जागी झालेल्या फटीतून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडीत फुलं घेतली, कढीपत्त्याच्या काड्या घेतल्या आणि निघालो दारोदार. आयुष्यभर लोक माझ्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले, आता मी उभा. मागच्या गल्लीत सासूनं दार उघडलं. “आम्ही पुडी लावलीय फुलांची,” म्हणाली. “रोज सायकलवाला टाकतो.” मी म्हणालो, “फुलांसाठी नाही हो. सुनबाईंना पाठवा. आमच्या घरात बोलायला...” तिनं परडी घेतली नाही, पण “सांगते,” म्हणाली. आजोबांच्या दारात मी चप्पल काढून उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “चोरीची फुलं नकोत आम्हाला,” म्हणाले, माझेच शब्द, एकही इकडं-तिकडं नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. मग म्हणाले, “वहिनी कशा आहेत?” मी म्हणालो, “जेवत नाही.” ते म्हणाले, “जा आता तुम्ही.”

पाटी काढली, फाटक सताड उघडं ठेवलं. पण कोण येतंय! मी ओट्यावर दिसलो की लोक पलीकडच्या बाजूनं जायचे. आपा तेवढी यायची, संध्याकाळची. तिनंच सुचवलं, “भाभीकू बाहर बिठाव ना, फाटक के पास.”

चाकाची खुर्ची आणली. आणि खुर्ची ओट्याच्या खाली उतरेना, कारण मी वाट ठेवलीच नव्हती. सगळे वाफेच वाफे. मग फावडं घेतलं आणि ओट्यापासून फाटकापर्यंत पेंटास, झेंडू, घाणेरी सगळं उपटलं. फुलपाखरं उडाली, शिंजीर जास्वंदीवरून चिवचिवत राहिला. ती दारातून बघत होती. “अहो, फुलावर आलेली झाडं उपटू नयेत,” म्हणाली. मी म्हणालो, “तू आज तरी मला काही शिकवू नको गं.” आवाज चढला नाही माझा. फुटला.

सकाळी तिला फाटकाशी बसवलं, मांडीवर कढीपत्त्याच्या काड्या ठेवल्या. मी पाठीमागं उभा राहिलो. कुणी थांबेना. मागच्या गल्लीतली सून आली, तिनं काकूंकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पावलं उचलली. बायको मान न वळवता मला म्हणाली, “तुम्ही आत जा. तुम्हाला भितात ती.”

मी आत गेलो. घरभर हिंडलो. बसायला दुसरी जागा सुचेना म्हणून तिच्या पलंगावर टेकलो, मग पाठ दुखत होती म्हणून आडवा झालो. तिच्या उशीवर डोकं ठेवलं आणि खिडकीकडं बघितलं.

बाग दिसत नव्हती.

खिडकीचा कठडा वर, पलंग खाली. उशीवरून दिसत होते फक्त गज, आणि गजांच्या वर आभाळाचा तुकडा. एक फूल नाही. खुडून खुडून बुटक्या राहिलेल्या कढीपत्त्याच्या शेंड्याचं एक पान नाही. झेंडू, पेंटास, मी गुडघ्याएवढं लावलेलं सगळं कठड्याच्या खाली. इथून काही दिसणार असेल तर ते फक्त गजांना धरून वाकलेल्या माणसाचं तोंड. महिनोन्‌महिने मी तिला बागेतली फुलपाखरं दाखवत होतो, आणि एकदाही, एकदासुद्धा, तिच्या जागी पडून बघितलं नव्हतं.

मी उठलो नाही. उठवेना. बाहेरून आवाज यायला लागले. सून परत आली होती. “काकू, घेऊ का?” “घे गं, तुझंच आहे.” थोड्या वेळानं आकडीची काठी फाटकावर वाजली. हसणं आलं.

ऊन चढल्यावर तिला आत आणली. मी विचारलं, “दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?”

“काय?”

“फुलपाखरं. रोज ‘दिसलं, दिसलं’ म्हणायचीस.”

ती डाव्या हातानं पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही पहिल्यांदाच मला काहीतरी दाखवत होता. नाही कसं म्हणायचं?”

मी तिला उशा लावून बसवली आणि भात आणायला आत गेलो.